कलमाचा चाकू: आधी कोन पाहा, मग पोलाद

ऑगस्ट उजाडला की नाशिककडच्या निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षशिवारात कलमवाल्यांच्या टोळ्या उतरतात. वर्षाच्या सुरुवातीला लावलेला डॉगरिजचा खुंट तोवर पेन्सिलीएवढा जाड झालेला असतो, हवेत दमटपणा असतो, ऊनही फारसं चटके देत नाही. खुंटावर थॉमसनची किंवा आणखी कुठल्या वाणाची काडी बसवायला हेच दिवस. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरात साडेनऊशेच्या वर वेली बसतात. वेलीला एकच काडी आणि काडीला पाचरीचे दोन काप धरले, तरी एकरामागे एकोणीसशे काप झाले. खुंटाला दिलेली चीर वेगळीच. हे सगळं काम एका घडीच्या चाकूवर चालतं. कलमं कमी धरली की दोष काडीला जातो, पाण्याला जातो, पावसाला जातो, टोळीला तर जातोच. चाकू उघडून मात्र कुणी बघत नाही.

चाकू विकत घेताना काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला: ‘पोलाद कडक आहे ना?’ दुकानदारही ठरलेलं उत्तर देतो. हा प्रश्न विचारावा, पण दुसऱ्या नंबरावर. पहिला प्रश्न धारेच्या कोनाचा आहे. चुकीच्या कोनाचं महागडं पोलाद काडी चेंगरतं आणि बरोबर कोनाचं साधं पोलाद ती स्वच्छ कापतं, हे बांधावर पाच मिनिटांत पडताळून बघता येतं.

आठ मिलिमीटर जाडीच्या काडीला चार सेंटिमीटर लांबीची पाचर काढायची म्हणजे दोन्ही काप मिळून जेमतेम अकरा अंशांचा कोन होतो. इतका लांब आणि इतका उतरता काप एका ओढीत, सपाट यायला हवा. सालीच्या लगेच खाली हिरवट, ओलसर असा कॅम्बियमचा पातळ थर असतो. काडीचा हा थर खुंटाच्या थराला टेकला तर दोन्हीकडून जखम भरणारा कॅलस वाढतो आणि सांधा जुळतो. कापाला मधेच पोट आलं किंवा दुसऱ्या ओढीची पायरी पडली तर तिथे फट राहते, आणि वरून प्लास्टिकची पट्टी कितीही आवळली तरी ती फट पुरती मिटत नाही. बोथट धारेचा दुसरा उपद्रव असा की ती पेशी कापण्याऐवजी चेंगरते. चेंगरलेली जागा आधी तपकिरी पडते, मग सुकते.

म्हणून धारेची परीक्षा हातावरचे केस उडवून करू नका. ती पहिलवानकी न्हाव्याला शोभते. ताजी काडी घ्या, एका ओढीत काप घ्या आणि तो उजेडात तिरका धरा. चांगल्या धारेचा काप ओल्या काचेसारखा चमकतो. बोथट धारेचा काप मंद दिसतो आणि सालीच्या कडेला तंतू लोंबतात. मग तसाच दुसरा काप घ्या, दोन्ही काप समोरासमोर टेकवून आभाळाकडे धरा. मधून उजेडाची रेघ दिसली तर धार किंवा कोन यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे.

कोनाचा हिशेब

खिशातल्या बहुतेक चाकूंना धारेच्या दोन्ही बाजूंना उतार असतो. सफरचंद सोलायला, दोरी कापायला, खोकं उघडायला तो उत्तम. कलमाच्या खास चाकूची एक बाजू पूर्ण सपाट असते आणि उतार फक्त दुसऱ्या बाजूला असतो. सपाट बाजू काडीला चिकटून सरकते, त्यामुळे काप सरळ रेषेत जातो. उतार बाहेरच्या ढलपीला उचलून बाजूला काढतो. सुताराची पटाशी याच नियमाने चालते. दोन्ही बाजूंनी उतार असलेलं पातं काडीत शिरल्यावर आपल्याच उतारावर चढतं आणि काप बाहेर वळतो. अनुभवी हात मनगट थोडं कलवून हे सांभाळून घेतो, पण दिवसभर सांभाळत बसण्यात मनगट जातं.

यातूनच डाव्या-उजव्या हाताचा प्रश्न येतो. उजव्या हाताने कापणाऱ्याची सपाट बाजू डावऱ्या माणसाच्या हातात बाहेरच्या अंगाला येते. तोच चाकू डावऱ्याला दिला तर त्याचा प्रत्येक काप बिघडणार आणि शेवटी ‘याला जमत नाही’ असं ठरणार. टोळीत कुणी डावरा असेल तर त्याला उलट्या उताराचा चाकू घेऊन द्या. तो मिळाला नाही तर दोन्ही बाजूंनी उतार असलेला, पातळ पात्याचा चाकू तरी द्या.

अंशांच्या बाबतीत एक गोंधळ नेहमी होतो. ‘वीस अंशांची धार’ असं म्हटलं की बहुतेक कंपन्या एका बाजूचा कोन सांगत असतात. दोन्ही बाजूंना वीस म्हणजे धारेचा पुरा कोन चाळीस. एका बाजूला वीस आणि दुसरी बाजू सपाट असेल तर पुरा कोन वीसच. आकडा एकच, धारा दोन वेगळ्या. काडीला जाणवतो तो पुरा कोन.

कलमासाठी पुरा कोन १५ ते २० अंशांच्या आत ठेवावा. खिशातल्या सर्वसाधारण चाकूला ३० ते ४० ठीक, कारण त्याने दोरीही कापायची असते, पोत्याची शिवणही उसवायची असते आणि न सांगता कुणीतरी त्याने तारही खरवडतं. कोयत्याला याहून बोथट कोन लागतो, नाहीतर पहिल्याच गाठीवर दात पडतील.

कोन मोजायला महागडं यंत्र लागत नाही. धारेचा उतार जिथून सुरू होतो तिथली पात्याची जाडी मोजा, आणि त्या रेषेपासून धारेपर्यंत उताराची रुंदी मोजा. एका बाजूने उतार असलेल्या चाकूत रुंदी जाडीच्या चौपट असेल तर कोन साडेचौदा अंशांच्या आसपास, तिप्पट असेल तर साडेएकोणीस, दुप्पट असेल तर तीस. म्हणजे दोन मिलिमीटर जाडीच्या पात्याला उतार सहा ते आठ मिलिमीटर रुंद दिसला पाहिजे. चारच मिलिमीटर दिसला तर तो चाकू कलमाचा नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो. दोन्ही बाजूंनी उतार असेल तर अर्धी जाडी धरून हाच हिशेब करा आणि आलेला कोन दुप्पट करा. एवढं बारीक मोजायला व्हर्नियर कुठून आणायचा, असं नाशिककराने विचारू नये. घरात नसला तरी गल्लीत एखादा माणूस सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यात जाणारा निघतोच.

धारेच्या मागची जाडीही बघायला हवी. पुन्हा पुन्हा घासून पातं मागे सरकतं आणि धार हळूहळू जाड भागात शिरते. कोन कागदावर तोच राहतो, पण पाचरीसारखं जाड अंग काडीत शिरताना ती पुढे फाटते. जुना चाकू ‘पूर्वीसारखा चालत नाही’ अशी तक्रार असते, तिचं कारण बहुधा हेच. असा चाकू धार लावून सुधारत नाही. त्याचा सगळा उतारच मागून पातळ करून घ्यावा लागतो.

कडकपणाचा आकडा

पोलादाचा कठीणपणा रॉकवेल ‘सी’ मापाने सांगतात. हे माप घेणारं यंत्र अमेरिकेतल्या ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांचं. पेटंटचा अर्ज १९१४चा. १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू आधी १० किलोच्या भाराने टेकवतात, मग एकूण १५० किलोचा दाब देऊन तो मागे घेतात आणि खड्डा किती खोल राहिला ते मोजतात. दर ०.००२ मिलिमीटर खोलीला शंभरातून एक गुण वजा. साठ रॉकवेलच्या पात्यावर खड्डा ०.०८ मिलिमीटर, पंचावन्नच्या पात्यावर ०.०९. ज्या पाच गुणांसाठी दुकानात किंमत चढते, तो फरक यंत्रावर एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे. धारेला तो जाणवतो, यात शंका नाही. पण त्याची दुसरी बाजूही असते.

कठीणपणा वाढला की धार वळत नाही. चिवटपणा कमी झाला की धार तुटते. एकाच पोलादात हे दोन्ही सहसा उलट दिशेने चालतात, आणि पातं जितकं पातळ तितका हा वाद तीव्र. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचं स्टेनलेस ५५-५६ रॉकवेलच्या आसपास असतं. फ्रान्सच्या ओपिनेलची पाती याहून थोडी कडक. जपानी स्वयंपाकाच्या सुऱ्या साठीच्या पुढे जातात. त्यांनी हाडावर घाव घातला की कडेला दात पडतात. उलट गाडीच्या पाट्यापासून घिसाडी जो विळा घडवतो त्याचं पोलाद यांच्यापुढे मऊच, आणि ते तसंच असावं. लासलगावकडे कांद्याची पात कापताना विळा दर दोन मिनिटांनी मातीला लागतो. मातीतला वाळूचा कण कुठल्याही पात्यापेक्षा कठीण असतो. तिथे साठ रॉकवेलही हरतं. मऊ विळा निदान दगडावर चार हात मारले की पुन्हा चालू लागतो.

कलमाच्या चाकूला ५६ ते ६० पुरे. याच्यापुढचे आकडे शौकिनांसाठी.

तुमच्या चाकूचं पोलाद कोनाला झेपतं का, हे धारच सांगते. दिवसभराच्या कामानंतर धार वर करून बल्बखाली धरा आणि थेट कडेकडे बघा. धारदार कड दिसतच नाही. जिथे चमकती रेघ दिसेल तिथे ती बोथट झालेली किंवा वळलेली आहे. नखावरून हलकेच ओढली तर एका बाजूला अडकते. जिथे ठिपक्यांसारखी चमक दिसेल तिथे कडेला दात पडले आहेत. वळत असेल तर पोलाद त्या कोनाला मऊ पडतंय. दात पडत असतील तर ते ठिसूळ आहे, किंवा कापताना कुणीतरी पातं पिळतंय. खुंटाची चीर उघडायला पातं आडवं फिरवायची सवय अनेकांना असते. त्यासाठी लाकडी पाचर ठेवा, किंवा जुनं पातं ठेवा. दोन्ही तक्रारींवर तात्पुरता उपाय एकच: दगडावर धार लावताना शेवटच्या चार-पाच हातांना पात्याची पाठ थोडी वर उचला आणि कडेला दोन-तीन अंशांनी जास्त असा बारीक दुसरा उतार द्या. डोळ्याला तो दिसतही नाही, पण धार टिकते.

पोलादांच्या नावांत फार अडकू नका. साधं कार्बन पोलाद बारीक धार घेतं, दगडावर लवकर लागतं, पण द्राक्षाच्या रसाने काळं पडतं आणि पावसाळ्यात रात्रीतून गंजतं. काळं पडणं चालेल, तांबूस गंज चालणार नाही. जर्मनीच्या टीना कंपनीचे कलमाचे चाकू आजही कार्बन पोलादाचे असतात. स्टेनलेसमध्ये साधारण बारा-तेरा टक्के क्रोमियम असतं. ते गंजाला तोंड देतं आणि निष्काळजी माणसाला सांभाळून घेतं. डी-टू हल्ली स्वस्त चाकूंवरही छापलेलं दिसतं. आपल्या टूलरूमवाल्यांचं हे एचसीएचसीआर, डायसाठी वापरतात तेच. दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असूनही ते पुरतं स्टेनलेस नाही, कारण बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या कणांत अडकून पडतं. ते कण मोठे आणि कठीण असतात. धार त्यामुळे खूप दिवस ‘बरी’ राहते, पण १५ अंशांच्या पातळ कडेतून हेच कण निखळतात आणि साध्या दगडावर ते पोलाद घासता घासता हात भरून येतात. पुठ्ठे कापणाऱ्याने डी-टू घ्यावं. कलमाला बारीक दाण्याचं पोलाद बरं: कार्बन, किंवा साधं, बारीक दाण्याचं स्टेनलेस.

हॅक्सॉच्या जुन्या हायस्पीड पात्यातून घडवलेले चाकूही टोळ्यांच्या हातात दिसतात. दिसायला ओबडधोबड, कामाला चांगले. हे पोलाद ग्राइंडरच्या उष्णतेला दाद देत नाही, हा त्याचा मोठा गुण.

पाणी उतरू देऊ नका

बाकीची पोलादं मात्र ग्राइंडरच्या उष्णतेला दाद देतात. कार्बन पोलादाला पाणी दिल्यावर ते काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून साधारण दोनशे अंश सेल्सियसला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. नंतर पातं याहून जास्त तापलं की मिळवलेला कठीणपणा तेवढा गेला. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पात्याचं अंग थंड लागतं, पण केसाएवढी पातळ कड तीनशे अंशांच्या पुढे सहज जाते. पिवळसर झाक आली तर वेळ आहे; निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं. निळी झाक पुसून काढली तरी तो भाग मऊच राहतो, आणि धार दर वेळी त्याच जागी वळते. सायकलवरच्या धारवाल्याकडे विळी द्या, कात्री द्या. कलमाचा चाकू देऊ नका. द्यायचाच असेल तर उभं राहून सांगा, ‘भाऊ, पाण्यात बुडवत बुडवत घासा, बोटाला चटका लागला की थांबा.’

घरी दुहेरी कार्बोरंडम दगड पुरतो, शक्य झालं तर त्यावर एक बारीक, तीन हजार नंबरचा. आधी दगड तपासा. वापरून मधे खोलगट झालेल्या दगडावर सपाट उतार येणारच नाही, गोल होईल. काचेच्या तुकड्यावर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून दगड घासून सपाट करून घ्या. शहाबादी फरशीचा सपाट तुकडाही चालतो. मग दगड भिजवा, पात्याचा उतार पूर्ण टेकवा आणि कोन न सोडता घासत राहा. बोट थरथरलं तर कोन बदलतो. म्हणून बोट पात्यावर, धारेच्या जवळ, आणि दाब हलका. दोन सेंटिमीटर रुंदीचं पातं पंधरा अंशांवर धरायचं तर पाठ दगडापासून पाच मिलिमीटर वर राहिली पाहिजे. पहिल्या दिवशी तेवढ्या जाडीचा पुठ्ठा पाठीखाली धरून बघा, हाताला अंदाज येतो.

उताराच्या बाजूने घासताना सपाट बाजूवर एक बारीक खरखरीत कड वळून येते. कारखान्यात तिला बर म्हणतात. टोकापासून मुळापर्यंत सगळीकडे बर आली की उताराचं काम झालं. त्याआधी थांबलात तर धार अर्धवट. आता सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी टेकवा आणि एक-दोन हलक्या हातांत बर काढा. इथे पाठ केसभरही उचलायची नाही. सपाट बाजूला एकदा उतार पडला की चाकू दुधारी उताराचा झाला, आणि तो दोष काढायला सगळी सपाट बाजू घासावी लागते. चांगले चाकू इथेच वाया जातात. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर पॉलिशवाल्यांची हिरवी वडी घासून पातं पाठीच्या दिशेने ओढा. कलमांच्या दिवसात दगड रोज लागत नाही. पट्टा मात्र दर तासाभराने मारावा.

घडीच्या चाकूचं वेगळं दुखणं सांध्यात असतं. द्राक्षाचा रस आणि धूळ खिळ्याशी जमून घट्ट बसते. कोमट पाण्याने धुऊन, कोरडा करून एक थेंब शिलाई मशीनचं तेल सोडा. लाकडी मूठ दमट हवेत फुगते आणि पातं उघडता उघडेना होतं, त्यामुळे हंगामाआधी मुठीला जवसाचं तेल पाजून ठेवा. जोर लावून कापायचं असेल तर कुलूप असलेलाच चाकू घ्या; नुसत्या स्प्रिंगवर अडलेलं पातं बोटांवर मिटतं. ओपिनेलच्या गळ्यातली फिरती कडी १९५५ पासून हेच काम करते आहे.

वेलीवेलींमधून रोग जाऊ नये म्हणून चाकू निर्जंतुक करता, ते बरोबरच. ब्लीचचं पाणी मात्र टाळा. ते स्टेनलेसच्या कडेलाही बारीक खड्डे पाडतं. स्पिरिटचा बोळा ठेवा, आणि पातं लगेच कोरडं करा.

प्लास्टिकची पट्टी, सुतळी, ठिबकची नळी कापायला वेगळा चाकू ठेवा. दुकानातला दहा-वीस रुपयांचा कटर यासाठी उत्तम. शेतीच्या कामाचा छोटा घडीचा चाकू शस्त्र कायद्याच्या परवान्यात येत नाही, पण शहरात पोलिसांचा मनाईहुकूम लागू असताना तो खिशात घालून गर्दीत फिरू नका. काम संपलं की अवजारांच्या पिशवीतच राहू द्या. विमानात हातातल्या सामानात तर अजिबात नको.

कलमांचे दिवस लागायच्या आधी, जुलैतच, टोळीच्या मुकादमाला सगळ्यांचे चाकू घेऊन एकदा बोलवा. व्हर्नियरने उतार मोजा, सपाट बाजू काचेवर ठेवून हलते का बघा, कडेला निळी झाक आहे का बघा. ज्यांचे चाकू नापास होतील त्यांना नवे घेऊन द्या आणि त्याचे पैसे मजुरीतून कापू नका.